८२३ वर्षांतून एकदा येणारा महिना

पहाटे पावणेसहाला फोन थरथरला की समजावं, काकांचा चहा झाला. आधी गुलाबाचं फूल, मग सुप्रभात, आणि खाली आजचं ज्ञान: "तुम्हाला माहीत आहे का? या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार आहेत. असा योग ८२३ वर्षांनी येतो! ११ जणांना पाठवा, चार दिवसांत धनलाभ." पुण्यातल्या कुठल्याही भरल्या घरच्या ग्रुपवर हा योग वर्षातून एकदा तरी येतोच. ८२३ वर्षांचं काय ते नंतर बघू, पण मेसेज मात्र वेळेवर येतो.

हा तपासायला गुगल लागत नाही, स्वतःची मूठ लागते. मूठ वळून बोटांच्या मुळाशी येणाऱ्या उंचवट्या-खळग्यांवर महिने मोजायचे: उंचवटा आला तर ३१ दिवस, खळगा आला तर कमी. शेवटच्या उंचवट्यावर जुलै संपतो आणि परत पहिल्या उंचवट्यापासून ऑगस्ट सुरू करायचा. बरेच जण इथेच घसरतात, उलट फिरून ऑगस्टला खळग्यात ढकलतात आणि पुढचे सगळे महिने चुकवतात. तर ३१ दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस. महिना ज्या वारी सुरू होतो तो वार आणि त्यापुढचे दोन, एवढेच पाच-पाच वेळा येणार. म्हणजे ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला की काम झालं. ३१ दिवसांचे महिने वर्षात सात आणि वारही सात, त्यामुळे सरासरी वर्षाला एकदा हा दुर्मीळ योग घडतो. डिसेंबर २०२३ मध्ये घडला, लगेच मार्च २०२४ मध्ये घडला, मग ऑगस्ट २०२५. एखादं वर्ष कोरडं जातं, एखाद्यात दोनदा.

एवढ्यावर समाधान झालं नाही तर शेवटचा घाव घालायचा. आपल्या भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरच्या ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात आणि या आकड्याला ७ ने नि:शेष भाग जातो. त्यामुळे दर ४०० वर्षांनी तारखा आणि वार जसेच्या तसे परत येतात. ८२३ वर्षं वाट बघायला लावेल असा महिना त्यात बसवायलाच जागा नाही.

याचाच धाकटा भाऊ फेब्रुवारीत येतो: "चार सोमवार, चार मंगळवार, चार बुधवार..." २८ दिवसांच्या महिन्यात दुसरं काय येणार? आणि एक चुलतभाऊ आहे: "तुमचं वय आणि जन्मसाल यांची बेरीज चालू वर्षाएवढी येते, हे हजार वर्षांतून एकदाच!" यावर मी काही लिहीत नाही. मावशींनी खाली "खरंच आली हो!" असं लिहिलेलं असतं.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हा समज तर आमच्या शाळेपासूनचा. माणूस चंद्रावर १९६९ साली उतरला आणि हे वाक्य १९३२ सालीच छापून आलं होतं, म्हणजे बघून कुणी सांगितलं असेल याचा अंदाज करावा. हिशोब सोपा आहे. चांगल्या डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाची वस्तू वेगळी ओळखता येते. दूर असलेली वस्तू तेवढी दिसायला तिची रुंदी अंतराच्या सुमारे ३,४०० व्या भागाएवढी हवी. चंद्र आहे ३,८४,४०० किलोमीटरवर. भागाकार करा, उत्तर ११० किलोमीटरच्या आसपास येतं. म्हणजे भिंतीची एक कड स्वारगेटला आणि दुसरी साताऱ्याला हवी. प्रत्यक्षात ती काही मीटर रुंद आहे, आणि आजूबाजूच्या मातीच्याच रंगाची. "पण लांब किती आहे!" असा मुद्दा येणारच. त्यावर, केस हातभर लांब असला तरी मैदानाच्या पलीकडून का दिसत नाही, एवढंच विचारावं आणि फोन चार्जिंगला लावावा.

वाढदिवसांचा मात्र मला कंटाळा येत नाही, कारण तिथे खरं गणित मेसेजपेक्षा चक्रम निघतं. ग्रुपमध्ये ६० माणसं असतात, दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि "काय हा ऋणानुबंध!" सुरू होतं. नुसती २३ माणसं जमली तरी कुणातरी दोघांची जन्मतारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ५०.७ टक्के असते. २३ माणसांच्या जोड्या होतात २५३, आणि जुळायची असते ती जोडी. ६० माणसांत ही शक्यता ९९ टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे कुणाचंच जुळलं नाही तर ऋणानुबंध म्हणावा. गफलत होते ती "माझ्या तारखेला कोण?" असं विचारल्यामुळे. तो प्रश्न वेगळा आहे, २३ जणांत त्याचं उत्तर जेमतेम ६ टक्के.

खरी परीक्षा गावातल्या माहितीची, कारण इथे प्रत्येकाचे आजोबा साक्षीदार असतात. "शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला शनिवारी झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, तीही शनिवारी." काकांचा हा मेसेज बरोबर आहे. तरी बाणेरचा एक भाचा फोनचं कॅलेंडर मागे ढकलत नेतो आणि जाहीर करतो, की दोन्ही दिवशी मंगळवार होता, तेव्हा वाड्याचं नाव बदला. भाचा हुशार आहे, फोनही बरोबर आहे, आणि तरी निकाल चुकला आहे.

पेशवाईच्या कागदात तिथी आणि वार असतो, इंग्रजी तारीख आपण मागाहून बसवली. १७५२ च्या आधीच्या तारखा बसवताना इतिहासकारांनी इंग्रजांचं त्या वेळचं जुनं, ज्युलियन कॅलेंडर धरलं. ब्रिटनने ते सोडलं सप्टेंबर १७५२ मध्ये: २ तारखेला झोपले, उठले ते १४ तारखेला. फोनला हे ठाऊक नसतं, तो नवीनच कॅलेंडर मागे ताणत नेतो. म्हणून आधी ११ दिवस मिळवायचे आणि मग वार बघायचा. १० जानेवारी १७३० चे झाले २१ जानेवारी, शनिवार. २२ जानेवारी १७३२ चे झाले २ फेब्रुवारी, पुन्हा शनिवार. शिवकाळासाठी ११ ऐवजी १० दिवस मिळवावे लागतात. आणि १७५२ नंतर काहीच मिळवायचं नाही: नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, ती तारीख फोनवर आहे तशीच घालावी. हे न कळल्यामुळे पुण्यात निदान दोन पिढ्या एकमेकांशी बोलायच्या थांबल्या असाव्यात असा माझा संशय आहे.

त्याच खुनाच्या आधाराने "काका, मला वाचवा" ऐकू येण्याचा मेसेज येतो. एकदा पौर्णिमेला, एकदा अमावस्येला, भुताचं अजून ठरत नाही. ज्या महालातून आवाज यायचा तो १८२८ च्या आगीत गेला. उरले ते तट, दरवाजे आणि जोती.

एकदा वाटलं, आपणही काहीतरी खरं आणि पुण्याचं पाठवावं. फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर आहेत ना! त्यांची गंमत अशी: कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. १७३० घेतला तर ७३१० वजा ०१३७ म्हणजे ७१७३. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. तिथे गाडी थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोचता.

फक्त शून्य सांभाळायचं. १११२ घेतला तर २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ येतात, ते ०९९९ असे लिहायचे. पुढे ९९९० वजा ०९९९ आणि गाडी रुळावर. शून्य गाळलं तर ९९९ वजा ९९९, उत्तर भोपळा. ग्रुपवर साठांतला एक जण नेमका १११२ घेतोच, शून्य गाळतो, आणि ८२३ वर्षांत कुणाला न आलेला प्रतिसाद मला येतो: "कृपया खात्री केल्याशिवाय माहिती पुढे पाठवू नये."