बिल नसलेले बियाणे

मृग लागायला आठ-दहा दिवस राहिले की आमच्या गावच्या पानठेल्यापुढील ओट्यावर बियाण्याखेरीज दुसरा विषय निघत नाही. यंदा त्या विषयात कायदा शिरला, कारण नागपूरला एलएल.एम. करणारा आमचा मित्र, ज्याला सगळे वकीलभाऊ म्हणतात, आपल्या प्रबंधाचे एक प्रकरण पिशवीत घालून आला होता. प्रकरण होते जनुकीय बदल केलेल्या पिकांवर आणि त्यांच्या संदर्भात न्यायालयांनी वापरलेल्या सावधगिरीच्या तत्त्वावर. बोलणे सगळे वऱ्हाडीत झाले; प्रमाण भाषेत उतरवताना त्यातला तिखटपणा कमी झाला असेल, पण मुद्दे तेच आहेत.

वकीलभाऊने मांडणी नीट केली. हानी एकदा झाली की भरून निघणार नाही अशी शक्यता असेल, तर विज्ञानाचा पक्का निर्वाळा मिळेपर्यंत सरकारने हातावर हात ठेवून बसता कामा नये, आणि आपली कृती निर्धोक आहे हे दाखवण्याचा भार ती करणाऱ्यावर असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तमिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सांगितले. तेच तत्त्व बियाण्याला लावायचे, एवढाच त्याचा दावा होता. पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडाचे, परागकण, तणांत उतरणारी सहनशीलता, जमिनीत साठणारे रसायन या गोष्टी दहा वर्षांनी परत बोलावता येत नाहीत, हे त्याचे म्हणणे मलाही पटण्यासारखे वाटले.

बारा एकरांचा धनी असलेला आमचा दुसरा मित्र, ज्याला मी येथे नुसते कास्तकार म्हणेन, त्याला ते मुळीच पटले नाही. त्याने गेल्या वर्षी चार एकरांत चोरबीटी लावली होती. विदर्भाबाहेरील वाचकांसाठी सांगतो, की जनुकीय बदलामुळे तणनाशक सहन करणाऱ्या, सरकारी परवानगी नसलेल्या कापसाच्या बियाण्याला आमच्याकडे हे नाव आहे. तो म्हणाला, "कारखान्याचे पाणी दुसऱ्याच्या विहिरीत जाते, म्हणून त्याला थांबवले. माझे तण माझ्या वावरात आहे. श्रावणात पाऊस उघडत नाही, डवरा चालत नाही, निंदणाला बाया मिळत नाहीत, तेव्हा तुझे तत्त्व येऊन निंदणार आहे का?" जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने हेच बियाणे उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला होता, त्याचीही त्याने आठवण करून दिली.

वकीलभाऊने त्यावर न्यायालयानेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा आधार घेतला. २०१२ साली नेमलेल्या आणि २०१३ साली अंतिम अहवाल देणाऱ्या त्या समितीतील पाच सदस्यांनी तणनाशक-सहनशील पिके भारतीय परिस्थितीला योग्य नाहीत असे म्हटले होते, आणि त्यामागे ग्रामीण रोजगाराचाही विचार होता. या मुद्द्यावर ओटा क्षणभर गप्प झाला. निंदणाच्या मजुरीवर ज्यांचा पावसाळा निघतो, त्या बायांपैकी एकही तेथे नव्हती, आणि पानठेल्यावर ती कधी नसतेच. त्यामुळे त्यांच्या वतीने आम्ही पाच पुरुष जे बोललो ते लिहून ठेवण्याच्या लायकीचे नाही.

गुरुजींचा आक्षेप वेगळाच होता. निवृत्तीनंतर ते निकालपत्रे वाचतात, तेही पेन्सिलीने खुणा करत. त्यांचे म्हणणे असे, की बियाणे चांगले की वाईट हा प्रश्न न्यायमूर्तींचा नाहीच. मोहरीच्या डीएमएच-११ या जनुकीय बदल केलेल्या वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा पिकांची तपासणी करणाऱ्या केंद्रीय मूल्यांकन समितीने सशर्त परवानगी दिली, आणि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी परवानगीची प्रक्रिया सदोष ठरवली, तर न्या. संजय करोल यांनी ती ग्राह्य मानली. "एकच फाइल, एकच तत्त्व, आणि उत्तरे दोन," गुरुजी म्हणाले. "मग हे तत्त्व आहे की ज्याच्या त्याच्या मनाचा कौल?" वकीलभाऊने लगेच दुरुस्ती केली, की समितीच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते आणि केंद्राने सर्वांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण आखावे, या दोन गोष्टींवर दोघांचेही एकमत होते. गुरुजींनी मान डोलावली, पण धोरण आखायला न्यायालयाने सांगावे लागते, यातच आपला मुद्दा सिद्ध होतो असे त्यांनी सुनावले.

येथपर्यंतचा वाद कायद्याच्या कोणत्याही नियतकालिकात शोभला असता. त्याला जमिनीवर आणले ते बियाणे विकणाऱ्याबद्दलच्या कास्तकाराच्या एका वाक्याने, जे मी जसेच्या तसे देतो: "बिल मांगतलं त तो हासते." त्याच्या चार एकरांपैकी दीड एकर उगवलेच नव्हते. परवानगी असलेल्या बियाण्याचे असे झाले असते, तर बिल, थैली आणि लेबल घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता आले असते, पंचनामा झाला असता, आणि पुढे ग्राहक आयोगाची पायरीही होती. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी ग्राहक कायद्याची दाद त्याला बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. चोरबीटीच्या शेतकऱ्याला यातले काहीच नाही. उलट पर्यावरण संरक्षण कायदा त्याच्याच मागे लागू शकतो. त्यातील पाच वर्षांपर्यंतची कैद एप्रिल २०२४ पासून गेली, पण दंडाची मर्यादा पंधरा लाखांपर्यंत पोहोचली आहे.

माझे मत तेथेच बनले, आणि ते वकीलभाऊला आवडले नाही. सावधगिरी म्हणजे धोका थांबवणे. येथे धोका थांबलेला नाही, तो फक्त बिलाशिवाय विकला जात आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने याच कापसावर फवारले जाणारे ग्लायफोसेट हे तणनाशक कीड नियंत्रण व्यावसायिकांखेरीज कोणी वापरू नये असा आदेश काढला, पण आमच्या शिवारात फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर असतो हे सांगायची गरज नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. ती औषधे वेगळी होती, पाठ मात्र हीच होती. ठाम नकार असता तर तो राबवण्याची जबाबदारी कोणावर तरी पडली असती, ठाम होकार असता तर विकणाऱ्यावर पडली असती. दोन्हींच्या मधल्या वर्षांचा सगळा धोका बारा एकरवाल्याने उचलला आहे, आणि कायद्याच्या लेखनात या मधल्या वर्षांना प्रकरण मिळत नाही.

वकीलभाऊ चिडला नाही, पण त्याने अडचणीचा प्रश्न टाकला. २००१ साली गुजरातमध्ये विनापरवाना बीटी, म्हणजे बोंडअळीरोधक जनुक घातलेला, कापूस सापडला, उभे पीक जाळण्याचे आदेश निघाले, शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाच्या तीन वाणांना देशात अधिकृत परवानगी मिळाली. "लोक पेरतातच म्हणून परवानगी द्यायची, तर उद्या प्रत्येक जण आधी पेरेल आणि मग मागेल. मग तपासणी कशासाठी ठेवायची?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, गुरुजींकडेही नव्हते. कास्तकार म्हणाला, की तपासणी जरूर ठेवा, पण तिला शेवटची तारीख ठेवा. शेवटची तारीख ठरवून तपासणी उरकली तर ती तपासणी राहील का, यावर पुन्हा अर्धा तास गेला.

निघताना वकीलभाऊने थैली पाहायला मागितली. कास्तकाराने घरून पोराकडून ती मागवली. वर फुटलेल्या बोंडाचे झकपक चित्र होते, मागे कंपनीचा पत्ता नव्हता, लॉट क्रमांक नव्हता, तारीख नव्हती. प्रबंधाच्या परिशिष्टात लावण्यासाठी वकीलभाऊने मोबाइल काढला, तेव्हा थैली हातात धरलेला कास्तकार म्हणाला, "फोटो काढ, पण माझे बोट त्यात येऊ देऊ नको." शेवटी थैली ओट्यावर ठेवून, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर सुपारीचा अडकित्ता ठेवून फोटो काढावा लागला.