खटखट की खुटखुट?

मराठीत आवाजांना तोटा नाही. खटखट, खुटखुट, खडखड, खुडखुड, करकर, कुरकुर, कुईकुई, घरघर, टकटक, टिकटिक. एवढं भांडार हाताशी असूनही पिकअपच्या पोटाखालून येणारा आवाज गॅरेजमध्ये सांगायची वेळ आली की माझी बोबडी वळते. मी म्हणतो, "मिस्त्री, मागून खटखट वाजतंय." मिस्त्री मान वर न करता विचारतात, "खटखट का खुटखुट?" त्यात फरक काय, हे विचारायची सोय नसते. लोखंडावर लोखंड आपटलं तर खटखट, मध्ये रबर शिल्लक असलं तर खुटखुट, हे त्यांच्या बिगरीतच शिकवून झालेलं असतं. मग मी तोंडाने आवाज काढून दाखवतो. जीभ टाळूला लावून "ट्टक्... ट्टक्". हेल्पर पोरगा पाना हातात धरून लांबूनच हसतो.

"चला, चक्कर मारू," मिस्त्री म्हणतात. आणि गाडी गप्प. सकाळी नारायणगावच्या बाजारापर्यंत बोलत गेलेली गाडी गॅरेज ते चौक या पट्ट्यात मौनव्रत धरते. पाहुण्यांसमोर पोराला कविता म्हणायला सांगावं, तसं होतं. लोक याला गाडीचा खट्याळपणा म्हणतात. पण यात गाडीचा काही दोष नाही. सकाळी हौद्यात, म्हणजे मागच्या मालाच्या जागेत, टोमॅटोचे ६० क्रेट होते. क्रेट २० किलोचा धरला तरी १२०० किलो. एवढ्या वजनाने मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सपाट होतात, अ‍ॅक्सल चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) जवळ येतो आणि गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो. भरल्या गाडीत वाजणारा सांधा रिकाम्या गाडीत गप्प बसू शकतो. उलट हौद्याचं मागचं दार म्हणजे फाळका, त्याच्या साखळ्या आणि कड्या रिकाम्या गाडीत थयथयाट करतात आणि माल भरला की दबून राहतात. भरल्या गाडीचा आवाज रिकाम्या गाडीत ऐकवणं म्हणजे ताप उतरल्यावर पेशंट डॉक्टरकडे नेणं. तेव्हा हौद्यात दहा-बारा सिमेंटच्या गोण्या टाकून न्या. मिस्त्री चिडतील, पण ऐकतील.

आवाज कसा आहे, यावर तासभर वाद घालण्यापेक्षा कधी येतो हे कागदावर लिहून न्यावं, असं माझं ठाम मत आहे. गाडी उभी असताना रेस केल्यावर येतो का? येत असेल तर इंजिनाच्या बाजूला बघा: बेल्ट, अल्टरनेटर, सायलेन्सरचा सुटलेला पत्रा. उभ्या गाडीत येत नसेल, तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात गाडी न्यूट्रल करायची. आवाज चाकांच्या गतीनेच चालू राहिला तर इंजिन निर्दोष सुटलं. हा प्रयोग माळशेज उतरताना करू नये; मग आवाज शोधायला गाडी उरत नाही. ब्रेकवर पाय नुसता टेकवल्यावर आवाज थांबला किंवा बदलला, तर ड्रम उघडायचा. वेगाबरोबर वाढणारी, एकसुरी घूं ऐकू येत असेल तर चाकाच्या बेअरिंगवर संशय. वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर जातं, म्हणून स्टिअरिंग डावीकडे घेतल्यावर घूं वाढली तर उजव्या बाजूचं बेअरिंग बघायचं. हे उलट वाटतं, आणि म्हणूनच पुष्कळदा धडधाकट बेअरिंग आधी बदललं जातं.

खाली घुसण्याआधी फुकटातले संशयित तपासावेत, हे सांगताना मला लाज वाटत नाही. सीटखालचा जॅक. चाकाचा पाना. टायरच्या नक्षीत अडकलेला खडा, जो दर फेऱ्याला एकदाच टिक् करतो आणि माणसाला इंजिन उतरवायच्या विचारापर्यंत नेतो. आणि हौद्याखाली साखळीला टांगलेली स्टेपनी. साखळी दोन कड्या सैल झाली की स्टेपनी प्रत्येक खड्ड्यात चॅसीवर धप्प करते आणि ऐकणाऱ्याला पाटा तुटल्याचा भास होतो. (हे नाव वेल्समधल्या लनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं. १९०४ साली तिथे जादा चाक विकायला सुरुवात झाली. तिकडे तो शब्द विसरले, आपण मात्र अजून टांगून फिरवतोय.)

एवढं होईस्तोवर सल्ले सुरू होतात. पंक्चरवाला म्हणतो टायर फुगलाय. पाटेवाला म्हणतो पाटा बसलाय. मार्केटमधला प्रत्येक ड्रायव्हर स्वतःच्या गाडीत शेवटचं जे बदललं असेल, तेच आपल्या गाडीत बदलायला सांगतो.

पाट्यांची परीक्षा मात्र सोपी आहे आणि मला फार आवडते. बादलीभर पाणी घ्यायचं, पाट्यांच्या मधल्या फटींत आणि शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या कडीच्या) रबरी बुशांवर ओतायचं आणि एक चक्कर मारायची. कुईकुई बंद झाली आणि पाणी वाळल्यावर परत आली, तर गुन्हेगार सापडला. खुटखुट असेल तर जॅक चॅसीखाली लावायचा, अ‍ॅक्सलखाली नव्हे, म्हणजे पाटा मोकळा लोंबतो. चॅसीखाली भक्कम घोडी (लोखंडी टेकू) दिल्याशिवाय आत हात घालायचा नाही. मग टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून शॅकल हलवायचा. पिन भोकात डुगडुगली तर बुश गेला. नवा बुश घातल्यावर बोल्ट तिथेच, चाक हवेत असतानाच आवळला, तर गाडी खाली येताच रबर पिळतं आणि लवकर फाटतं. आधी गाडी चाकांवर उभी करायची, मग शेवटचा आवळा द्यायचा. पाटे खाली बांधून धरणारे यू-बोल्टही पहिल्या एक-दोन भरतीनंतर पुन्हा आवळायचे. ते सैल राहिले की पाट्यांना एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटतो, अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. त्यासाठी टेप पुरे: पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं.

पण भरल्या गाडीत, पहिल्या गिअरला क्लच सोडताना एक टक्, रिव्हर्स टाकल्यावर दुसरा टक् आणि माणसाच्या चालीने जाताना चिमण्यांची चिवचिव, असं कागदावर लिहिलेलं असेल, तर ते वाचून मिस्त्री प्रथमच तुमच्याकडे माणूस म्हणून बघतात. "क्रॉस गेलाय, मालक."

क्रॉस म्हणजे शाफ्टच्या सांध्यातलं अधिक चिन्हासारखं पोलाद. चार टोकं, चार टोप्या, प्रत्येक टोपीत टाचणीएवढे बारीक रोलर. या सांध्याला हूक्स जॉइंट म्हणतात आणि स्प्रिंगच्या ताणाचा नियमही त्याच इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापला. म्हणजे पाट्याचा आणि क्रॉसचा, आपल्या दोन्ही दुखण्यांचा संबंध एकाच गृहस्थाशी पोचतो. ते भेटले असते तर त्यांनीही विचारलं असतं, खटखट का खुटखुट.

खात्री अशी करायची. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. खाली झोपून शाफ्ट हाताने पिळायचा. थोडा ढिलेपणा डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या, दातांचा असतो, त्याला घाबरायचं नाही. बघायचं ते सांध्याकडे: एक बाजू आधी हलली आणि दुसरी मागून आली, तर क्रॉस खलास. टोपीच्या कडेला लाल भुकटी दिसली तर पंचनामाही झाला. ग्रीस संपलं, पाणी शिरलं, रोलर गंजले.

उघडण्याआधी शाफ्ट आणि तो जिथे बोल्टने जोडलाय त्या फ्लँजवर छिन्नीने खूण करायची. ही खूण करायला कंटाळणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या गाड्या साठला थरथरतात. शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत राहिले नाहीत, तर एका सांध्याने केलेली गतीची चढउतार दुसरा सांधा रद्द करत नाही, वाढवतो. आणखी एक: शाफ्ट उतरला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही, इंजिनाचा चाकांशी संबंधच उरत नाही. दगड काढायचे नाहीत.

टोपी जागेवर धरणारी रिंग, म्हणजे सर्क्लिप काढायची, टोप्या वाइसमध्ये दाबून बाहेर घ्यायच्या, काटा घासून स्वच्छ करायचा. नवी टोपी बसवताना शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडतात आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही, तेव्हा हेल्परला हातोडा सुचतो. त्याचा हात तिथेच धरायचा. आत एक रोलर आडवा पडलेला असतो. टोपी परत काढायची, रोलर ग्रीसने कडेला चिकटवून उभे करायचे आणि सरळ दाबायची. ठोकली तर रोलर तुटतो आणि महिन्याभरात तीच चिवचिव नव्या मालात. ग्रीस भरायचं तोंड, म्हणजे निपल, हाताला येईल अशा बाजूला ठेवायचं, नाहीतर पुढे ग्रीसगन त्याला लागतच नाही. आणि पंप मारायचा तो चारही टोप्यांतून ग्रीस डोकावेपर्यंत. तीनच टोप्यांतून आलं तर चौथी उपाशी आहे, आणि पुढच्या वेळी तीच मरणार.

काम झाल्यावर जुना क्रॉस मागून घ्यायचा. हात पुसून तो उजेडात धरला की दोन टोकं आरशासारखी चमकतात आणि उरलेल्या दोनांवर बारीक, उभ्या, समांतर चऱ्या दिसतात. रोलरांनी वर्षभर एकाच जागी बसून पोलादात पाडलेल्या. त्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं की जो आवाज मला आठवडाभर तोंडाने काढता आला नव्हता, तो हुबेहूब येतो. मी दोनदा फिरवून मिस्त्रींना ऐकवलं.

"हेच म्हणत होतो मी. खटखट."

मिस्त्रींनी क्रॉस हातात घेतला, स्वतःचं नख फिरवलं, कान जवळ नेला.

"ही टिकटिक आहे, मालक," ते म्हणाले आणि बिल लिहायला बसले.