‘सेव्ह ॲज’ असताना टेम्प्लेट हवंच कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

टेम्प्लेटवरच्या, म्हणजे नवी पत्रं काढण्यासाठी तयार ठेवायच्या साच्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘साध्या गोष्टीचा केवढा बाऊ! जुनी फाइल उघडायची, सेव्ह ॲज करायचं, नाव-तारीख बदलायची, संपलं. तरी तुमचं ऐकून वर्डमध्ये टेम्प्लेट केलं. नंतर त्यात लेटरहेडचा पत्ता बदलला, तर आधीची सगळी पत्रं जुन्याच पत्त्याची. अक्षर मोठं केलं, तर मराठी मजकूर बारीकच. एवढी खटपट करून मिळालं काय?’

सूर तिखट आहे, पण तक्रारी खऱ्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्षाकाठी दोन-चार पत्रं लिहिणाऱ्यानं खुशाल सेव्ह ॲज करावं, मी अडवणार नाही. पण तोच मसुदा आठवड्यातून पाच वेळा वेगवेगळ्या लोकांना जाणार असेल, तर जुन्या फाइलसोबत काय काय येतं ते बघा. मजकूर येतो, तो दिसतो. न दिसणारंही बरंच येतं: कुणीतरी लिहिलेल्या कॉमेंट्स, ट्रॅक चेंजेसनं (बदलांची खूण ठेवणाऱ्या सोयीनं) नोंदलेल्या आणि स्वीकारायच्या राहिलेल्या दुरुस्त्या, इकडून-तिकडून पेस्ट करताना शिरलेल्या परक्या स्टाइल्स (फॉन्ट, आकार वगैरेंचे नाव देऊन ठेवलेले संच). आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या तिच्या माहितीतलं, शीर्षक. हे शीर्षक फार जण कधी उघडूनही बघत नाहीत. पीडीएफ करताना ते त्यात उतरतं आणि ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली की वर टॅबवर झळकतं. म्हणजे पत्रात नाव नव्या ग्राहकाचं आणि टॅबवर जुन्या. पाठवणाऱ्याला पत्ताच नसतो, घेणाऱ्याला मात्र पहिल्या नजरेत दिसतं.

दुसरी गोष्ट ऑटोसेव्हची. फाइल वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात) असेल आणि बदल आपोआप जतन करणारं ऑटोसेव्ह चालू असेल, तर मेनूत ‘सेव्ह ॲज’च्या जागी ‘सेव्ह अ कॉपी’ असतं. आपली सवय काय? आधी नाव-तारीख बदलायची, मग सेव्ह ॲजकडे वळायचं. तोवर ते बदल मूळ पत्रात जाऊन बसलेले असतात. व्हर्जन हिस्ट्रीतून जुनं पत्र परत मिळतं, पण ते बिघडलंय हे आधी लक्षात यायला हवं ना! तुमच्या पद्धतीनंच काम करायचं असेल तर किमान कॉपी आधी करा, बदल नंतर.

टेम्प्लेटचा खरा फायदा माझ्या मते वेळ वाचण्यात नाहीच. विसरलेलं दिसतं, हा तो फायदा. टेम्प्लेटमध्ये नावाच्या जागी ‘येथे नाव लिहा’ असा कंटेंट कंट्रोल (भरायची चौकट) ठेवला आणि तो भरायचा राहिला, तर पत्र नजरेखालून घालताना तो डोळ्यांत खुपतो. छापलात तर तसाच छापून येतो. लाज वाटेल, पण चूक कळेल. जुन्या फाइलमध्ये तिसऱ्या परिच्छेदात राहून गेलेलं जुनं नाव मात्र अगदी व्यवस्थित दिसतं. व्याकरण बरोबर, शुद्धलेखन बरोबर, फक्त माणूस चुकीचा. तेच नाव चार ठिकाणी येत असेल तर ‘इन्सर्ट’मधल्या क्विक पार्ट्समधून डॉक्युमेंट प्रॉपर्टीचं खानं घाला आणि त्याच्या प्रती हव्या तिथे ठेवा. एका ठिकाणी भरलं की बाकीच्या तिन्ही जागा आपोआप भरतात.

आता जुन्या पत्रांवरच्या पत्त्याकडे येतो. ती बदलली नाहीत हे उत्तमच झालं, असं मी म्हणेन. मागच्या वर्षी पाठवलेलं पत्र ज्या पत्त्यानिशी गेलं, त्याच पत्त्यानिशी आपल्या दप्तरी राहायला हवं. नाहीतर उद्या वाद निघाला तर आपलीच प्रत आपल्याला खोटं पाडेल. वर्डमध्ये नवी फाइल तयार होते त्या क्षणी टेम्प्लेटमधला मजकूर, हेडर-फूटर, समास, स्टाइल्स हे सगळं तिच्यात उतरतं. त्यानंतर टेम्प्लेटच्या मजकुराशी तिचा संबंध संपतो. स्टाइल्सपुरता धागा जोडून ठेवता येतो: डेव्हलपर टॅबवरच्या ‘डॉक्युमेंट टेम्प्लेट’मध्ये ‘ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स’ अशी चौकट आहे, तिच्यावर खूण करायची. पाठवून झालेल्या पत्रांवर मी ती कधीच करणार नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या अहवालावर जरूर करेन.

लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये हा मामला जास्त उघड आहे. टेम्प्लेटच्या स्टाइल्स बदलल्यानंतर त्यावरून केलेली जुनी फाइल उघडली, की नव्या स्टाइल्स घ्यायच्या की जुन्या ठेवायच्या असं ते सरळ विचारतं. मात्र एकदा ‘जुन्या ठेवा’ म्हटलंत की त्या फाइलसाठी पुन्हा विचारत नाही. घाईत बटण दाबणाऱ्यांनी जपून. गूगल डॉक्समध्ये तर धागाच नाही; तिथे केलेली प्रत जन्मतःच स्वतंत्र.

जुनं पत्र बदलू नये म्हणतोय तर तारखेचंही बोलून टाकतो, कारण तिथे नेमकं उलटं होतं. टेम्प्लेटमध्ये आपोआप अद्ययावत होणारी तारीख घातलीत, तर जुनं पत्र पुन्हा उघडून छापताना त्यावर आजची तारीख येऊ शकते. वर्डमध्ये त्यासाठी ‘क्रिएटडेट’ हे फील्ड (वर्ड स्वतः भरतं अशी जागा) वापरा. पत्र ज्या दिवशी तयार झालं तीच तारीख त्यावर राहते.

मराठी अक्षरं बारीक राहिली, यात टेम्प्लेटचा दोष नाही. वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ आहे आणि तिचा फॉन्ट व आकार रोमन अक्षरांपासून वेगळा साठवला जातो. तुम्ही आकार 14 केला तो रोमनचा; देवनागरी आधीच्याच आकारात राहिली. टेम्प्लेटमधली स्टाइल ‘मॉडिफाय’ करताना फॉरमॅट, मग फॉन्ट असं जा. तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा वेगळा विभाग आहे, त्यात निर्मला किंवा तुमच्या आवडीचा फॉन्ट आणि आकार द्या. ठळक, तिरपं हेही तिथलंच. लिब्रेऑफिसमध्येही अशीच वेगळी सोय आहे, तिला ‘सीटीएल’ म्हणतात. मराठीत लिहिणाऱ्याला दर फाइलमागे ही कटकट करावी लागते, म्हणून टेम्प्लेटची गरज इंग्रजीवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त, असं माझं मत.

सुरुवात करायची तर तुमच्याच पद्धतीनं करा. सगळ्यात स्वच्छ जुनं पत्र घ्या, त्याची एक प्रत काढा, नावं-आकडे पुसा, कॉमेंट्स काढून टाका, फाइल मेनूतल्या ‘इन्फो’मध्ये जाऊन शीर्षक कोरं करा. मग सेव्ह ॲज करताना प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडा. 2013 आणि त्यानंतरचं वर्ड आपणहून ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’ या फोल्डरकडे वळतं. त्याला तिथेच जाऊ द्या, दुसरीकडे ठेवलंत तर ‘न्यू’मधल्या ‘पर्सनल’खाली ते सापडणार नाही. नवं पत्र तिथून काढा, किंवा टेम्प्लेटवर डबल-क्लिक करा. फाइल मेनूतल्या ‘ओपन’मधून मात्र उघडू नका, त्यानं टेम्प्लेटच उघडतं आणि पत्र त्यातच लिहिलं जातं. पत्ता बदलायचा असेल त्या दिवशी मात्र त्याच वाटेनं जा.