‘अमेरिकेतला ताजमहाल’ राणीसाठी बांधलेला नाही

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्यांमुळे मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळचा ‘ग्लेन एअरी’ हा किल्लेवजा वाडा म्हणे एका रेल्वेसम्राटाने लाडक्या ‘क्वीन’साठी शेकडो वर्षांपूर्वी बांधला, तिथे कंटाळून ती नवऱ्याला सोडून गेली आणि दुःखी कुटुंबाने वास्तू धर्मकार्याला दान केली.

फोटो तेवढा खरा आहे.

शेकडो वर्षांपूर्वी ते शहरच नव्हतं. फॉरवर्डमधले रेल्वेसम्राट म्हणजे जनरल विल्यम पामर; त्यांनीच ते १८७१मध्ये वसवलं. वाड्याचं आजचं दगडी रूप १९०४ ते १९०६मधलं. आपल्या अपोलो बंदरचं ताज हॉटेल १९०३मध्ये सुरू झालं, म्हणजे ते या ‘प्राचीन’ महालापेक्षा थोरलं!

आता प्रेमकथा. ‘क्वीन’ हे पामर यांच्या पत्नी मेरी यांचं घरातलं लाडकं नाव. त्या डिसेंबर १८९४मध्ये इंग्लंडमध्ये वारल्या. दगडी बांधकाम त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी सुरू झालं. त्या राहिल्या त्या तिथल्याच आधीच्या लाकडी घरात. जो वाडा पाहिलाच नाही, त्याला कंटाळणार कशा?

‘सोडून गेली’ हे तर निव्वळ बदनामी करणारं आहे. नव्या गावातली पहिली शाळा त्यांनी स्वतः चालवली होती. १८८०मध्ये हृदयविकाराने गाठलं आणि डॉक्टरांनी उंचावर राहू नका म्हणून सांगितलं. कोलोरॅडो स्प्रिंग्ज सुमारे सहा हजार फुटांवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. तीन मुलींना घेऊन त्या आधी पूर्व किनाऱ्यावर आणि मग इंग्लंडला गेल्या. पामर तिकडे फेऱ्या मारत राहिले. याला घर मोडणं म्हणत नाहीत.

सांगण्याजोगी गोष्ट फॉरवर्डवाल्याने सोडलीच. १९०६मध्ये घोड्यावरून पडून पामर यांना पक्षाघात झाला. यादवी युद्धातल्या जुन्या साथीदारांच्या मेळाव्याला जाणं अशक्य झालं, तेव्हा १९०७मध्ये त्यांनी स्वखर्चाने सगळा मेळावाच ग्लेन एअरीत बोलावला.

दानाचं म्हणाल तर, १९०९मध्ये पामर गेल्यावर वाडा विकला गेला आणि या हातातून त्या हातात फिरला. शेवटी ह्यूस्टनच्या एका तेलव्यावसायिकाकडून ‘नॅव्हिगेटर्स’ या ख्रिस्ती संस्थेने तो १९५३मध्ये पैसे मोजून घेतला. आज तिथे शिबिरं भरतात, आणि संस्थेशी काही संबंध नसला तरी भाडं भरून खोली मिळते.