आपण काय मेळघाटात राहतो काय?

आज दुपारी पाऊस आला अन् लाईन गेली. चाळीस मिनिटं. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर साठ मेसेज. त्यातला एक वाचून माझं डोकंच सटकलं. "आपण काय मेळघाटात राहतो काय?"

म्हणजे मेळघाटातल्या माणसानं अंधारात बसायचं, हे ठरलेलंच!

मी राहिलोय तिथं. चारच दिवस, एका सर्व्हेच्या कामानं. धारणी तालुका, जुलै महिना. गावात खांब होते, तारा होत्या, घरोघरी मीटर होते. जंगलात झाड पडून लाईन तुटली त्याचा नववा दिवस होता. सोलरचा कंदील होता, पण आठवडाभर सूर्यच नव्हता. आणि घरामागचा नाला असा दणाणत होता की जेवताना एकमेकांचं ऐकू येईना. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका म्हणाले, "रातभर बोंबलते हा, काम काहीच करत नाही."

पाण्याची वीज आपल्याला काय नवी आहे? तोतलाडोहला १६० मेगावॅटचं वीजघर आहे, तिथल्या टर्बाइन फिरवून आलेलं पेंचचं पाणी आपण नागपूरकर नळाला पितो. धरण म्हटलं की सगळ्यांना पाण्यातली ताकद दिसते. नाल्यातली दिसत नाही. अन् त्याला धरण लागतच नाही बे! वरून पाट काढा, पाइपातून पाणी खाली सोडा, टर्बाइन फिरवा, पाणी परत नाल्यात. सेकंदाला १०० लिटर पाणी १० मीटर खाली येत असेल, तर निम्मी ताकद वाया गेली धरूनही ५ किलोवॅट मिळतात. दिवसा चक्की, रात्री दिवे.

आपल्याच राज्यात झालंय हे. नंदुरबारमधलं बिलगाव. २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा प्रकल्प उभा केला. २००६ मध्ये तो बुडाला. कशात? सरदार सरोवराच्या फुगवट्यात. मोठ्या विजेनं छोटी वीज गिळली. यावर मी काय लिहू?

हो, आपल्याकडचे नाले उन्हाळ्यात आटतात, मान्य. तेव्हा सोलर वापरा, ऊन काय कमी आहे का! पण जेव्हा ढग असतात, झाडं पडतात, रस्ता बंद असतो, नेमका तेव्हाच नाला भरून वाहतो ना? अन् टर्बाइनमध्ये पालापाचोळा अडकतो, दुरुस्तीला माणूस लागतो, हेही खरं. गावातली पोरं ट्रॅक्टर खोलून जोडतात, हे नाही जमणार?

२०१८ मध्ये देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं. १० टक्के घरांत कनेक्शन असलं तरी गाव 'विद्युतीकृत' धरायचं, असा तो हिशोब. काकांचं गाव त्यात कधीच जमा.

चिडून लिहायला बसलो होतो, पण आता दुसरंच आठवतंय. चक्की बंद, म्हणून गावात पीठ नव्हतं. तिसऱ्या रात्री घरघर ऐकून जाग आली, मला वाटलं नाल्यालाच पूर आला. उठून पाहिलं तर चुलीच्या उजेडात काकांची म्हातारी माय जात्यावर मका दळत होती. सकाळी माझ्या ताटात दोन भाकरी होत्या. त्यांच्या ताटांत कण्या.