अमेरिकेचं राष्ट्रगीत आणि आपलं ‘मिंडेन’

‘अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या जहाजावर लिहिलं गेलं! ब्रिटिशांच्या कैदेतल्या फ्रान्सिस स्कॉट की यांनी सागवानी मिंडेनवर बसून ते रचलं!’ परवा हा फॉरवर्ड पुन्हा ग्रुपवर आला, तिरंग्यासकट.

जहाज खरं आहे, ते आधीच कबूल. ७४ तोफांचं ‘मिंडेन’ जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलं, १८१० मध्ये ते मुंबईत पाण्यात उतरलं. बाकी सगळं गडबडीचं.

कैदेचंच घ्या. कीसाहेब (आडनावच ‘की’, त्याला इलाज नाही) पेशाने वकील. तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध चालू होतं, आणि ब्रिटिशांनी विल्यम बीन्स नावाच्या म्हाताऱ्या अमेरिकन डॉक्टरांना धरून नेलं होतं. त्यांना सोडवायला हे सप्टेंबर १८१४ मध्ये पांढरं निशाण लावलेल्या अमेरिकन बोटीतून गेले. ब्रिटिश अॅडमिरल कॉक्रेनच्या ‘टोनंट’ या युद्धनौकेवर बोलणी झाली, सुटकाही ठरली. पण बाल्टिमोरवरच्या हल्ल्याचा बेत तोवर यांना कळून चुकला होता. म्हणून हल्ला उरकेपर्यंत अडकवून ठेवलं. काही दिवस ‘सरप्राइज’ या दुसऱ्या ब्रिटिश जहाजावर, मग त्यांच्याच बोटीवर, पहाऱ्यात. १३ तारखेपासून सुमारे २५ तास बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर तोफगोळे पडत होते, ते त्यांनी या बोटीवरून पाहिलं. उजाडताना किल्ल्यावर आपलाच झेंडा दिसला, तेव्हा खिशातल्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर ओळी खरडल्या. कविता पुरी झाली ती बाल्टिमोरला परतल्यावर, हॉटेलात.

या सगळ्यात ‘मिंडेन’ कुठे? कुठेच नाही. शिवाय किल्ल्याजवळ पटॅप्स्को नदी उथळ. ८० तोफांचं ‘टोनंट’ मागे ठेवून खुद्द कॉक्रेनला हलक्या ‘सरप्राइज’वर यावं लागलं. ७४ तोफांचं धूड तिथे आणलं असतं तर गाळातच रुतलं असतं.

आणि त्या रात्री ‘राष्ट्रगीत’ वगैरे काही लिहिलं गेलं नव्हतं. तो दर्जा मिळाला १९३१ मध्ये.

अभिमानच हवा असेल तर ‘ट्रिंकोमाली’ आहे ना! १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय, तिकीट काढून वर चढता येतं. आणि मुंबईच्या जहाजावर खरोखर घडलेलं काही हवंच असेल, तर ऑगस्ट १८४२ चा ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह. त्यावर सह्या झाल्या त्या वाडियांनीच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर. पण ती अफूची लढाई, हाँगकाँग ब्रिटिशांच्या घशात गेलं. तो फॉरवर्ड मला अजून कुणी पाठवलेला नाही.