माणुसकी आहे, चेन लॉक कुठं आहे?

‘तिकडं जर्मनीत मोटरसायकल बंद पडली तर पैसे भरल्याशिवाय कुणी थांबत नाही. आपल्याकडं हात दाखवला की चार जण उतरतात. पाना-पकड घेऊन फिरायला आपण काय मिस्त्री आहोत?’ पावसाळा लागला की साताऱ्याच्या मित्रमंडळीत हा वाद निघतो. शेवट ठरलेला असतो: तू श्टुटगार्टला बसून आम्हाला शिकवू नकोस.

मी शिकवणार. ज्या मदतीला तुम्ही ‘पैशाची’ म्हणता, ती दुचाकीवाल्यांचीच आहे. एडीएसी, म्हणजे बंद गाडीला मदत पोचवणारी इथली वाहनचालकांची संघटना, १९०३ साली याच श्टुटगार्टात सुरू झाली, ती मोटरसायकलस्वारांची संघटना म्हणून. आजचं नाव १९११ मधलं. सगळ्यांनी वर्गणी भरायची आणि ज्याची गाडी अडेल त्याला त्यातून मदत पोचवायची, याला आपल्याकडं सहकार म्हणतात. ज्या सातारा-सांगलीनं साखर कारखाने आणि दूध संघ असेच उभे केले, तिथल्या माणसानं वर्गणीला नाक मुरडावं, हे मला खरंच लागतं.

चार माणसं उतरतात, मान्य. पण ती धक्का मारणार. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि धक्क्याचा भरवसा कमी झाला. बॅटरी पार उतरली असेल तर पेट्रोलचा पंपच फिरत नाही, मग दुसऱ्या गिअरमध्ये कितीही पळवा. म्हणून धक्क्याआधी क्रमानं बघा: किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड (त्याचा सेन्सर चिखलानं अडकतो आणि गिअर टाकताच इंजिन बंद होतं), मग पेट्रोल. चावी फिरवून कान द्या. दोन-तीन सेकंद पंपाची घरघर आली तर करंट पोचतोय. नाही आली तर सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरमागे फ्यूज बघा आणि बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा. खड्ड्यांनी स्क्रू ढिला होणं हे फार नेहमीचं आहे. फ्यूज जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका, नाहीतर पुढच्या वेळी वायरिंग जळेल.

क्लच वायर बहुतेक वेळा हँडलच्या टोकाशी तुटते, आणि तुटण्याआधी क्लच जड होतो, तारा उसवलेल्या दिसतात. जाणकार माणूस जुन्या वायरीला समांतर नवी वायर आधीच ओवून टेपनं बांधून ठेवतो. तुटलीच, तर बदलायला दहा मिनिटं लागतात. नवी वायर नसेल तर वायरमनकडचा पितळी कनेक्टर तुटक्या टोकावर आवळा, घरापर्यंत पुरतो. तोही नसेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करा, गाडी पळवत न्या आणि पहिला गिअर टाका. वरचे गिअर टाकताना अॅक्सिलरेटर क्षणभर सोडायचा, थांबण्याआधी न्यूट्रल करायचं. अशा गाडीनं पोवई नाक्याच्या गर्दीत शिरायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा.

चेन तुटली तर मात्र कुणाचीच माणुसकी कामाला येत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ मापाची चेन असते. तिचं लॉक, म्हणजे दोन टोकं जोडणारी कडी, नखाएवढं असतं, किंमत चहा-वडापावाएवढी. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं. उलटं बसवलं तर क्लिप उडू शकते आणि सुटलेली चेन क्रँककेस (इंजिनचं आवरण) फोडू शकते.

ट्यूबलेस टायरचं पंक्चर सोपं आहे. खिळा कोणत्या कोनात शिरलाय ते आधी बघा, त्याच कोनात रिमर (भोक साफ करणारा टोच्या) फिरवा, रबरी वात सोल्यूशन लावून सुईनं घुसवा, सेंटिमीटरभर बाहेर ठेवा, सुई झटक्यात ओढा. हवा चेन कव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे. तारेच्या चाकात ट्यूब असते. तिथं खिळा उपसून तसंच दामटलं तर ट्यूब फाटते आणि व्हॉल्व्हही उखडतो. म्हणून जादा ट्यूब, दोन लिव्हर आणि हातपंप हवाच.

आता ते पायानं ढकलत आणणं. मागच्यानं बंद गाडीच्या फूटरेस्टला पाय लावायचा आणि चाळीसच्या वेगानं घर गाठायचं, याचं आपल्याकडं कौतुक होतं. जर्मनीत बंद पडलेली मोटरसायकल ओढून नेणं नियमानंच बंद आहे. मोटारीला आहे ती मोकळीक दुचाकीला नाही. कारण साधं आहे: दोन चाकांना बाजूचा धक्का सोसत नाही. कुंभार्ली किंवा पसरणीचा घाट उतरताना बंद इंजिनाची गाडी फक्त ब्रेकवर असते, आणि एक पाय दुसऱ्याच्या गाडीवर ठेवलेल्या माणसाला स्वतःची गाडी सावरता येत नाही.

त्यापेक्षा छोटा हत्ती टेम्पो बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे. कास-बामणोलीला तो लागू नाही, तिथं फोनची रेंजही जाते. विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर किती किलोमीटरपर्यंत उचलतात ते घरी असतानाच वाचा. टेम्पो रस्त्याकडेच्या उंच बांधाला मागून लावा, फळीवरून गाडी सरळ आत जाते. पुढचं चाक समोरच्या पत्र्याला टेकवा, पहिला गिअर, स्टँड वर. हँडलखालून दोन्ही बाजूंना पट्टे ओढून पुढचे शॉक अर्धे दाबा. दोरी असेल तर खाली गोणपाट घाला आणि पाच किलोमीटरवर पुन्हा आवळा, दोरी सैल पडते. फार लांबून, समजा हुबळीहून मिरजेला आणायची असेल तर रेल्वे पार्सल बरं: टाकी रिकामी, आरसी आणि ओळखपत्राची प्रत, गोणपाटाचं पॅकिंग.

इथं मला यातलं काहीच लागत नाही. नोटरूफझॉइलेपाशी, म्हणजे रस्त्याकडेच्या मदतीच्या फोनखांबापाशी, उभं राहायचं, सभासद क्रमांक सांगायचा, एडीएसीची पिवळी गाडी येते. आलेला माणूस कामात चोख असतो, पण कुठल्या गावचा, कुणाचा, असं तो विचारत नाही. त्या प्रश्नाची मला भूक आहे, आणि म्हणूनच तुमच्या वादानं मी एवढा चिडतो. कासच्या रस्त्याला टेम्पो लागेल एवढा उंच बांध कुठं आहे, हेळवाकच्या आधी सावलीत गाडी कुठं उभी करता येते, हे अजून पाठ आहे. श्टुटगार्टबाहेरच्या लँडश्ट्रासंवरचं (गावागावांमधल्या रस्त्यांवरचं) असं एक ठिकाणही मला सांगता यायचं नाही. डिसेंबरात येतो आहे. प्रत्येकाच्या गाडीचं चेन लॉक सीटखाली टेपनं चिकटवूनच जाईन.